सगळ्यात लांबचा पॉइंट

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावात विजेचे खांब आले, आणि मी वेडी व्हायची तेवढी राहिले. मला दिवा हवा होता तो स्वयंपाकघरात. तिथं खिडकी नाही. भर दुपारीही रॉकेलची चिमणी लावायची, आणि मेली सगळा धूर माझ्याच नाकात सोडायची.

नवरा, साहेबराव, विष्णुपुरीच्या धरणावर कामाला. त्यानं एकाच दिव्यापुरते पैसे धाडले आणि सांगावा दिला, "लायसनवालाच माणूस बघा." गावातला किशनराव निम्म्या पैशात तार ओढून द्यायला तयार होता. पण लायसनवाल्याची सही असलेला टेस्ट रिपोर्ट नसेल तर मीटर मिळत नव्हतं. म्हणून उदगीरहून शरणप्पांना बोलावलं.

दिवा कुठं लावायचा ते ठरवणार माझे सासरे, ग्यानोबामामा. बहात्तरच्या दुष्काळात ते रस्त्याच्या कामावर मुकादम होते. तिथं खोदलेल्या मातीचं माप घेऊन मजुरी मिळायची. दुष्काळ सरला, मामांचं माप काही सरलं नाही. गवंड्याची भिंत मापायचे, शिंप्यानं शिवलेला सदरा मापायचे. लग्नात वाढलेली बुंदी तेवढी राहिली होती.

"मीटर ओसरीत," मामा शरणप्पांना म्हणाले. "दिवा बी ओसरीतच, मीटरच्या उशाला. दीड हात तार. बोला, किती?"

"पॉइंटला पंचेचाळीस रुपये."

"दीड हाताचे पंचेचाळीस? अण्णा, दरोडा घालून राहिलात का?"

"काका, हातावर न्हाई, पॉइंटवर असतंय. तार, लाकडी पट्टी, बटण, होल्डर, मजुरी समदं त्यात आलं. बल्ब तुमचा. मीटरचा बोर्ड आन् टेस्ट रिपोर्ट ह्याचे वेगळे. नंतर कटकट नको म्हणून आधीच सांगून राहिलो."

"आन् तार लांब न्यायची म्हटलं तर?"

"घरात कुठं बी न्या. पंचेचाळीसच."

दाराआड उभी होते, तिथंच मला युक्ती सुचली. चहा घेऊन बाहेर आले, पदर सारखा केला आणि अगदी गरीब आवाजात म्हणाले, "मामा, मग अण्णांची चैनच हाय की. दीड हात तार द्यायची आन् पुरे पैसे घ्यायचे."

मामांनी चहा खाली ठेवला. "उठा अण्णा."

काठी घेऊन मामा पुढं, शरणप्पा मागं, सगळ्यात मागं मी. मधली खोली आली. "इथं?" शरणप्पांनी विचारलं. "आजून लांब." कोठी आली. "आजून लांब." स्वयंपाकघर आलं, चुलीचा कोपरा आला, माझे पाय जमिनीवर ठरेनात. आणि मामा मागचं दार उघडून सरळ गोठ्यात गेले!

"हितं लावा," ते म्हशीजवळ उभं राहून म्हणाले. "हे सगळ्यात लांब."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. "मामा, म्हशीला काय पेपर वाचायचाय का?"

"एक वीत तार सोडायची न्हाई, सिंधू."

शरणप्पांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. "काका, वर गवत, खाली कडबा. ठिणगी पडली तर जबाब मला द्यायचाय. ह्याच्यावर मी सही करणार न्हाई. लायसन जाईल माझं."

"किशनराव तार ओढंल!"

"ओढंल की. मीटर बी त्यालाच मागा."

त्या लायसनला हळदीकुंकू वाहावं असं मला झालं. मामांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग म्हणाले, "तुम्ही सही कराल असं लांबातलं लांब कुठं?"

"चुलीचा कोपरा. चुलीपासून जरा बाजूला."

"लावा मग!"

मीटर आलं त्या संध्याकाळी मी बटण दाबलं आणि टाळ्याच वाजवल्या. बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. मामा ओसरीतून ओरडले तेव्हा कुठं मी भाकरी थापायला बसले. तव्यावरची पहिली उतरवली आणि बघतच राहिले. कड कोळशासारखी काळी, मध्ये पांढरंफटक कच्चं पीठ. दुसरी तशीच. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. मी नेहमी शेवटी, चिमणीच्या त्या मिणमिणीत उजेडात जेवायची, आणि करपट लागायचं ते धुरानं असं धरून चालले होते.

मामा तारेची पट्टी तपासायला आत आले आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. "वाढ."

"मामा, माझ्या भाकरी रोज अशाच असतात?"

"हाव."

"रोज?"

"सणाला पोळ्या असत्यात. त्या लई जळत्यात."

"आन् कधी बोलला न्हाईत!"

मामांनी सवयीच्या हातानं काळी कड मोडून ताटाबाहेर ठेवली. "अंधारात करून राहिली पोर. काय बोलावं?"

माझं डोकंच फिरलं. "मग दिवा हितंच लावा म्हणून सरळ सांगायचं न्हाई का? गोठ्यापर्यंत का गेलात?"

मामांनी घास तसाच धरला. खरंच विचार केला त्यांनी. "ते सुचलं न्हाई," ते म्हणाले.

मी इतकी हसले की पिठाचा हात तोंडाला लागला. हसता हसता रडलेही थोडी. मग तिसरी भाकरी थापली, दोन्ही बाजूंनी बघून बघून भाजली आणि त्यांच्या ताटात टाकली. मामांनी ती कड न मोडता खाल्ली आणि आणखी एक मागितली.