राहिलेली तपासणी

सकाळी सातला फोनचा गजर वाजला. मृणालिनीने पोळी तव्यावर तशीच ठेवली, खिडकीतल्या पाकिटातून गोळी काढून गिळली आणि मग पोळी उलटली. ती करपली होती. ही एकाच संप्रेरकाची गर्भनिरोधक गोळी रोज त्याच वेळेला घ्यायची, उशीर झाला की तिचा भरवसा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही सातला उठणं आलं. शिवाय महिन्यातून केव्हाही कपड्यांवर डाग पडायचे. तिने ते चालवून घेतलं होतं, कारण बाकीचं सगळं करून झालं होतं.

नेहमीच्या, दोन संप्रेरकांच्या गोळ्या पहिल्याच भेटीत बाद झाल्या. तिला अर्धशिशीचा त्रास. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड दिसायचा. अशा बाईला त्या गोळ्या दिल्या तर पक्षाघाताची भीती. मग तांबी बसवली. तिच्यामुळे इतका रक्तस्राव झाला की रोटोटुना उपनगरातल्या घराचा जिना चढताना ती मध्येच बसायची. इंजेक्शन घेतल्यावर ती भाजी चिरता चिरता विनाकारण रडायला लागली. निरोधाचं नाव काढायची सोय नव्हती. धाकटा आरव त्याच भरवशावर जन्माला आला होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच विचारलं, नवऱ्याचं काय?

इंद्रनीलने आढेवेढे न घेता होकार दिला. फेब्रुवारीत त्याची नसबंदी झाली आणि शनिवार-रविवार तो मांडीवर फ्रोजन मटारची पिशवी ठेवून क्रिकेट बघत पडला. मित्रांना सांगितलं, कमरेत उसण भरलीय. मधुकर महानारायण तेलाची बाटली घेऊन आला आणि "पालथा हो, मी चोळतो" म्हणून हट्टालाच पेटला. त्याला चहा पाजून, बाटली ठेवून घेऊन, कसंबसं वाटेला लावलं.

पण शस्त्रक्रिया झाली म्हणजे सगळं झालं असं नसतं. तीन महिन्यांनी वीर्याचा नमुना लॅबमध्ये द्यायचा, त्यात शुक्राणू उरले नाहीत असा रिपोर्ट यायचा, आणि तोवर बायकोची गोळी चालू. मे गेला, जून-जुलै गेले. विचारलं की इंद्रनील म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात नक्की." आता ऑगस्ट लागला होता.

"आई, व्हेअर आर माय टॉग्ज?" सिद्धी जिन्यातून ओरडली. तिचा पोहण्याचा तास होता.

पोहण्याचे कपडे गाडीच्या डिकीतच राहिले होते. ओल्या टॉवेलखाली हात घातला तर कपड्यांबरोबर एक कागदी पिशवी हाताला लागली. आत लॅबची प्लास्टिकची बरणी. झाकणाचं सीलही तोडलेलं नव्हतं. मृणालिनीने ती आणून इंद्रनीलच्या चहाशेजारी ठेवली.

"डिकीत होती."

इंद्रनीलने आधी दाराकडे पाहिलं. मुलं वर होती. "तिथे काउंटरला प्रमोदिनी वहिनी असतात."

"मग?"

"मधुकरची बायको आहे ती! त्याला मी कंबर म्हणून सांगितलंय. पुढच्या महिन्यात मंडळाच्या गणपतीत त्यांच्या हातून मोदक कसा घेऊ?"

"दोन्ही बाळंतपणांत लघवीच्या बाटल्या मी त्यांच्याच हातात दिल्यात. तांबीच्या वेळी रक्त त्यांनीच काढलं. मी खातेच ना मोदक?"

"तुझं वेगळं."

"काय वेगळं?"

इंद्रनीलने बरणी चहापासून दूर सरकवली. मग हळू आवाजात म्हणाला, "तूच नेऊन देतेस का? तुझ्या जाण्यायेण्यातल्या आहेत त्या."

हो म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं मृणालिनीला वाटलं. बाकीचं सगळं तिने तसंच उरकलं होतं. पण आता हेही तिनेच केलं, तर त्याच्या वाट्याला फक्त ती मटारची पिशवी राहिली असती.

"गाडी मी चालवते," ती म्हणाली. "आत तू जायचंस. आज."

मुलांना शाळेत सोडून ती परत आली तेव्हा इंद्रनील जाकिटात हात खुपसून दारातच उभा होता. नमुना अंगाच्या उबेत, तासाभराच्या आत पोचवायचा असतो. त्याने बरणी काखेत धरली होती. लॅबसमोर तिने गाडी थांबवली.

तो आत गेला आणि थोड्याच वेळात बाहेर आला. कान लाल झाले होते.

"काय म्हणाल्या?"

"किती वाजता घेतला ते विचारलं. बरणीवर जन्मतारीख नव्हती, ती लिहायला लावली."

"बस?"

"निघताना म्हणाल्या, कंबर बरी असेल तर तेलाची बाटली पाठवून द्या, ह्यांच्या गुडघ्याला हवीय."

मृणालिनीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. ती हसतेय की काय, ते इंद्रनीलला कळेना.

"रिपोर्ट कधी?" तिने मान वर न करताच विचारलं.

"पुढच्या आठवड्यात. अजून काही दिसलं तर महिन्याने परत द्यायचा."

"परत मी गाडी काढायची?"

"नाही. माझा मी येईन."

तिने गाडी सुरू केली. घराजवळच्या केमिस्टसमोर थांबवली आणि पर्समधून प्रिस्क्रिप्शन काढलं. गोळ्यांचं शेवटचं पाकीट चालू होतं. ती दार उघडणार तेवढ्यात इंद्रनीलने तिच्या हातातून कागद घेतला आणि उतरला. मृणालिनीने सीट मागे केली आणि डोळे मिटले.