तीस दिवसांत उत्तर

धुवायला काढलेल्या कोटाचे खिसे चाचपताना विजयाबाईंच्या हाती एक पावती लागली. वर कचेरीचं नाव होतं, 'जन्म एवं गोद अभिलेख', म्हणजे जन्माच्या आणि दत्तकाच्या नोंदी. खाली त्यांच्या मुलाचं, जयसिंहरावाचं नाव, नकल मागितल्याची तारीख आणि एक ओळ: उत्तर तीस दिन के भीतर दिया जाएगा.

जयसिंह त्यांच्या पोटचा नव्हता. धाकट्या बहिणीचा, उज्जैनच्या सुमनचा आठ महिन्यांचा मुलगा त्यांनी मांडीवर घेतला. होम झाला, दौलतगंजात घरोघर साखर गेली, दरबारच्या वहीत दत्तकाची नोंद झाली. मग नवऱ्याने, शिवाजीरावांनी बजावलं, या घरात तो शब्द पुन्हा निघायचा नाही. पलटणीतला माणूस, बोलला तो हुकूम! नवरा वारला, पण हुकूम काही उठला नाही. आणि आता पोरगा ती वही उघडणार, आईच्या नावाच्या जागी 'सुमन' वाचणार आणि उज्जैनची गाडी धरणार. बाईंची पाचावर धारण बसली.

विचारावं तर तोंड उघडेना. पोस्टमन गल्लीत शिरला की त्या चूल सोडून दाराशी धावत. दोनदा वरण करपलं. जयसिंह गप्प गप्प जेवे, आणि त्या गप्प बसण्याचाही बाईंनी एकच अर्थ लावला. भ्यालेल्या माणसाला दुसरा अर्थ सुचतो कुठे!

बाविसाव्या दिवशी त्या पदर सावरून थेट महाराज बाड्याच्या चौकामागच्या कचेरीत गेल्या. तिथे फडक्यात बांधलेल्या जुन्या वह्यांच्या बस्त्यांचे ढीग लागले होते. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, आता आठ वर्षांत तेही मोडून एक नोव्हेंबरपासून सगळा कारभार भोपाळला चालला होता. भालचंद्र पागे नावाचे कारकून लाल फडक्याला गाठ मारत बसले होते.

"पागेसाहेब, ही अर्जी दाबून टाका. तुमच्या पाया पडते."

"दाबता येत नाही, बाईसाहेब. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर माझी नौकरी जाईल." त्यांनी बांधलेल्या बस्त्यांकडे पाहिलं. बाईंचे अश्रू खरे होते, आणि ते सदतीस बस्ते पुन्हा सोडायचा कंटाळाही खराच. "पण काय उत्तर द्यायचं, ते कायद्यात लिहिलेलं नाही."

त्यांनी बाईंच्या देखत लिहिलं, नोंद आढळली नाही. वर शिक्का मारला. बाईंनी त्यांना शंभर आशीर्वाद दिले आणि कित्येक दिवसांनी घरी येऊन पोटभर जेवल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी जयसिंह तो कागद घेऊन आला आणि ओट्यावर मटकन बसला.

"आईसाहेब, तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. कृष्णरावकाकांनी इस्टेटीसाठी दावा लावलाय. म्हणतात, दत्तक झालंच नाही, मी शिवाजीरावांचा मुलगाच नाही. मंगळवारी कोर्टात पेशी आहे. मी दत्तकाची नकल मागितली होती."

विजयाबाई त्याच्यासमोर येऊन बसल्या. "तुला... ठाऊक होतं?"

"शाळेत असल्यापासून. गल्लीतल्या सगळ्यांनी साखर खाल्लीय, कुणी ना कुणी बोलणारच ना! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प राहिलो." त्याने कागद चुरगळला, मग घाबरून पुन्हा सरळ केला. "होम सांगणारे भटजी गेले, साक्षीदार गेले, घरच्यांच्या नुसत्या शब्दावर कोर्ट विसंबणार नाही. ती वही तेवढी होती, ती भोपाळला गेली, आणि वर हा शिक्का! आता कागदोपत्री मी तुमचा कुणी नाही. काकांनीच त्या बाबूला फितवलं असणार. मी सोडणार नाही त्यांना."

तो उठला, चपला शोधू लागला. आता गप्प बसलं तर सगळं काकांच्या माथी जाणार होतं, आणि पोरगा कायमचा जवळ राहणार होता. बाईंना ते कळलं, मोह झाला, आणि स्वतःचीच भीती वाटली.

"काकांनी नाही रे," त्या म्हणाल्या. "मी गेले होते. तू सुमनकडे जाशील म्हणून."

जयसिंहाने वळून पाहिलं. कुणा अनोळखी बाईने रस्त्यात हटकावं आणि ही कोण म्हणून माणसाने बघावं, तसं.