हा बरा की हा?

"हा बरा की हा?" मी नंबरची काच बदलत विचारलं.

"तुला कुठला बरा वाटतो?" अक्का म्हणाली.

"अगं, डोळे तुझे आहेत!"

"हो, पण चष्मे तू करतोस ना?"

दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून माझी थोरली बहीण बसली होती. मी कपाळाला हात लावला. उभा जन्म चष्म्यांच्या धंद्यात गेला, पण घरच्या माणसाइतकं अवघड गिऱ्हाईक दुसरं नाही.

अक्का रफू करते. कोटाचं भोक असं बुजवते, की मालकालाही जागा सापडत नाही. मग तोच मालक घासाघीस करतो, कारण काम केलेलं दिसतच नाही. गेले काही दिवस सुईत दोरा जात नव्हता, म्हणून हॉस्पिटलमधून परतताना मी तिला दुकानात आणलं होतं.

काही वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, अक्का बरी झाली आणि आम्ही गंगेत घोडं न्हालं म्हणून निर्धास्त झालो. आता तोच आजार हाडांत परत आला होता. सकाळी डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं समजावलं. एक तर पुन्हा सलाइनमधून जोरदार औषध, नाहीतर रोजच्या गोळ्या. सलाइननं आजार बहुधा लवकर आटोक्यात येईल, पण त्रास फार. गोळ्यांचा त्रास कमी, पण त्या किती काळ पुरतील ते सांगता येत नाही. मुळापासून मात्र आता तो कशानंच जाणार नाही.

"दोन्ही योग्यच आहेत," बाई म्हणाल्या. "घरी बोला आणि सोमवारी सांगा."

दोन्ही योग्य आहेत, तर मग तुम्ही एवढं शिकलात कशाला, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या, म्हणून गिळलं.

भाची तिथल्या तिथेच म्हणाली, "आई, सलाइनच. मागच्या वेळी त्यानंच बरं वाटलं ना?" आणि ती तशीच कामावर गेली.

मी म्हणालो, "सलाइनच घेऊ या ना, अक्का?"

"घेऊ या," अक्का म्हणाली.

रिक्षात बसलो आणि मागच्या वेळचे तिचे हाल आठवले. माझं मन फिरलं. "की गोळ्यांनी भागेल?"

"भागेल की," अक्का म्हणाली.

पुढच्या चौकात मी पुन्हा सलाइनवर आलो. तीही आली. माझं डोकं पार भणाणलं. हिला नक्की काय हवंय, हे काही केल्या कळेना.

आता अंधारातही तेच चाललं होतं. कुठलीही काच लावा, दर वेळी तिला दुसरी बरी वाटत होती. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं, की ‘की हा?’ म्हणताना मीच आवाज चढवत होतो. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, ते मालक नेहमी बजावायचे, "आवाज सपाट ठेव. गिऱ्हाईक काचेतून बघतं, पण कान तुझ्याकडे असतात. तुला हवं तेच सांगून मोकळं होतं."

मी आवाज सपाट केला. अक्का अडखळली, मग नीट बघून सांगू लागली. नंबर मिळाला.

काचा काढता काढता माझा हात थांबला. सकाळपासून मी तिला एकदाही असं विचारलं नव्हतं. ‘घेऊ या ना’ म्हणत उत्तर मीच तिच्या तोंडात घातलं होतं. मी दिवा लावला नाही.

"अक्का, सलाइन की गोळ्या?"

तिनं नाकावरची फ्रेम काढून मांडीवर ठेवली. मधे बोलायचा मोह मला कसाबसा आवरावा लागला.

"तू चिडशील," ती म्हणाली.

"नाही चिडणार."

"पोरगी रडेल."

"रडू दे. तुझं सांग."

"मागच्या वेळी बोटं बधिर झाली होती रे. सुई टोचली तरी कळायचं नाही. कापडावर रक्ताचा डाग पडला की मग कळायचं. केस गेले, उलट्या झाल्या, त्याचं काही नाही. पण नुसतं बसून राहायचं, कुणी कामाला हात लावू देईना..." ती थांबली. "गोळ्या."

खरं सांगायचं तर मला ‘सलाइन’ ऐकायचं होतं. तिनं जास्त जगावं, मग कसंही जगावं, असा माझा आतल्या आत हिशेब चालला होता.

"आणि गोळ्या नाही चालल्या तर?"

"तर परत विचार मला. असंच."

मी दिवा लावला. तिनं डोळे किलकिले केले. मी तिचं ऐकतोय की तिला हातची घालवतोय, हे मला कळत नव्हतं. खरं तर अजूनही कळत नाही. काही तरी करायचं म्हणून मी फ्रेम दाखवायला लागलो. तिनं पातळ काळी फ्रेम निवडली.

"चार दिवसांत तयार होईल," मी म्हणालो. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो ते वाक्य सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आणि वर्षानं नंबर परत तपासायला या."

मी जीभ चावली. माझ्या बहिणीला मी ‘या’ म्हणालो होतो, आणि तेही वर्षानं.

"येईन की," अक्का म्हणाली. "नाहीच जमलं, तर तू घरी ये."

तिनं माझा हात ओढून जवळ घेतला. कोपराजवळ शर्टाला बारीकसं भोक पडलं होतं, मला ते ठाऊकही नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि भोकाच्या कडेनं हळूहळू बोट फिरवलं.

"हा उद्या टाकून जा माझ्याकडे," ती म्हणाली. "अजून बोटांना कळतंय."