शून्यावर ठेवलेलं बोट

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. लांबीला दीड वीत, रुंदीला चार बोटं. माझ्यावर सहा चेहरे काढलेले आहेत. पहिला हसतो, दुसरा जरा कमी हसतो, असं करत करत सहावा ढसाढसा रडतो. चेहऱ्यांखाली शून्य ते दहा असे आकडे आहेत.

जळगावातल्या हाडांच्या एका दवाखान्यात माझा जन्म झाला. तिथे कामिनी मॅडम भूल देण्याचं काम करतात. लोकांना वाटतं, भूल देणारा माणूस फक्त झोपवतो. तसं नाही. गुडघा नाहीतर खुबा बदलताना पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करतात. पेशंट जागा असतो, पण त्याला दुखत नाही. खरं दुखणं नंतर सुरू होतं, आणि त्या दुखण्यातच पाय हलवावा लागतो. म्हणून मॅडम मांडीत एक बारीक नळी ठेवतात आणि तिच्यातून बधिर करणारं औषध थेंब थेंब सोडतात. औषध किती सोडायचं, इंजेक्शन कधी द्यायचं, हे पेशंटच्या आकड्यावर ठरतं. तो आकडा कळावा म्हणून मॅडमनी हे चेहरे स्वतः पेनाने काढले आणि वर प्लास्टिक चढवून घेतलं.

सुरुवातीची वर्षं माझी फार चांगली गेली. धुळ्याचे चांदभाई शिंपी खुबा बदलायला आले होते. मिसबाह सिस्टरने मला त्यांच्यापुढे धरलं, तर ते म्हणाले, "साडेसहा लिहा."

"चाचा, यात साडे नसतं."

"आमच्या धंद्यात अर्धा इंच कुणी सोडत नाही, बेटी. साडेसहा लिहा. आणि हा चौथा चेहरा बघा, याची दाढ दुखतेय, खुबा नाही."

सिस्टर हसली, पण तिने साडेसहाच लिहिलं. चांदभाई चौथ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्याबाहेर पडले. मॅडम सगळ्यांना सांगायच्या, "या पुठ्ठ्याने माझं अर्धं काम केलं." मला तेव्हा वाटायचं, माझ्यासमोर कुणी खोटं बोलूच शकत नाही.

मग भिकुबाई आल्या.

भिकुबाई अमळनेरजवळच्या एका गावच्या. वय साठ. उजवा गुडघा पार झिजलेला. त्यांची म्हातारी आई यावलला होती. बसची पायरी चढता येत नाही म्हणून दोन वर्षांत आईची भेट नव्हती. "मले फक्त बसमा चढता येवाले पाहिजे," एवढंच त्या मॅडमना म्हणाल्या. मॅडमनी सांगितलं, गुडघा काटकोनाच्या पुढे वाकला की पायरी चढता येईल. त्यासाठी पहिल्या दिवसापासून व्यायाम करायचा, आणि व्यायाम जमावा म्हणून दुखणं खरं सांगायचं.

ऑपरेशन छान झालं. सोबत त्यांचे पती रुपचंद होते आणि रुपचंदचे थोरले भाऊ झुलाल नाना. नाना म्हणजे भिकुबाईंचे जेठ. आमच्या खानदेशात जुन्या घरांतल्या बायका जेठापुढे डोक्यावरचा पदर खाली ओढतात आणि मोठ्याने बोलत नाहीत. जेठही भावजयीकडे बघत नाही. नाना प्रेमाचे होते. वडील लवकर गेले, तेव्हा नानांनीच रुपचंदला वाढवलं होतं. भावजयीचं ऑपरेशन म्हटल्यावर ते खोलीतून हलेनात. रीत म्हणून खुर्ची खिडकीकडे वळवायची, भिकुबाईंकडे पाठ करायची आणि बसायचं. रात्रीही ते त्याच खुर्चीत.

पहिल्या संध्याकाळी मिसबाहने मला भिकुबाईंसमोर धरलं. त्यांचं बोट चौथ्या चेहऱ्यावर आलं.

"सहा? अक्का, सहा ना?" सिस्टरने मोठ्याने विचारलं.

नाना ताडकन उभे राहिले. "सहा? रुपा, डॉक्टरले बलाव! सहा म्हने ती!" ते दारातून ओरडले. दोन वॉर्डबॉय धावले. शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. भिकुबाई लाजेने अर्ध्या झाल्या. त्यांचं बोट सरकत सरकत पहिल्या चेहऱ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"शून्य?" सिस्टर म्हणाली.

पदर हलला. नाना खाली बसले. मग त्यांनी गावाकडे फोन लावला. "काही काळजी नको. आमना घरनी बाई शे ती, रडाव नही!"

त्यानंतर रोज तीन वेळा शून्यच. मिसबाहला शंका आली होती. तिने रुपचंदना विचारलं, "काका, खरंच शून्य?"

रुपचंदना सगळं माहीत होतं. नाना चहाला गेले की भिकुबाई पदराचा बोळा दातांत धरत, हे ते बघत होते. "कितलं दुखस वं?" असं ते हळूच विचारायचे. त्या नुसत्या डोळे मिटायच्या. पण थोरल्या भावाला बाहेर जा म्हणायचं, हे त्यांच्या जिभेवर आजवर कधी आलं नव्हतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि सिस्टरला म्हणाले, "ती सांगते तेच लिहा, ताई."

मी तिच्या हातातच होतो. मित्रांनो, माझ्यावर सहा तोंडं आहेत, पण बोलता एकालाही येत नाही.

आकडा शून्य म्हणून औषध कमी झालं. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. व्यायाम घ्यायला आलेल्यांनी पायाला हात लावला की भिकुबाई पाय लाकडासारखा ताठ करत. "आळस करू नका, मावशी," ते म्हणत. सुट्टी झाली तेव्हा गुडघा काटकोनाच्या निम्माही वाकत नव्हता.

सहा आठवड्यांनी त्यांना परत आणलं. गुडघा आखडला होता. पुन्हा पाठीत सुई दिली आणि टेबलावर डॉक्टरांनी तो काटकोनाच्या पुढे वाकवून दाखवला. मॅडम रुपचंदना म्हणाल्या, "वाकलेला गुडघा दोन-तीन दिवसांत व्यायामाने टिकवावा लागतो. तो परत आखडला तर माझ्याही हातात फार काही राहणार नाही. मागच्या वेळच्या कागदावर सगळी शून्यंच आहेत. दुखत नव्हतं, तर पाय का वाकवला नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसबाहने मला पुढे धरलं. नाना खिडकीकडे तोंड करून बसलेले. भिकुबाईंची मांडी थरथरत होती. बोट शून्यावर आलं.

रुपचंदनी मला सिस्टरच्या हातातून घेतलं आणि नानांसमोर धरलं.

"नाना, हाई देखा. यामातलं तिन्हं तोंड कोनतं शे, तुम्हीच सांगा."

नानांनी चष्मा पुसला. माझे सहाही चेहरे एकेक करून पाहिले. मग म्हणाले, "मी कसं सांगू रे? बेचाळीस वरीस व्हयनात, मी तिन्हं तोंड देखेल नही."

"मंग जराखा बाहेर बसा."

हे बोलताना रुपचंदचा अंगठा माझ्या कोपऱ्यात रुतला होता. तिथे अजून खळगा आहे.

नाना उठले. टोपी घेतली. "इतलंच व्हतं, तर पहिलेच सांगाले काय व्हयनं तुले, रुपा?" एवढं बोलून ते बाहेर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

भिकुबाईंनी पदर मागे सारला. त्यांनी सहाव्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग ते माझ्या कडेच्याही पलीकडे नेलं. "दहाना पुढे काई नही का, बाई?" त्यांनी विचारलं, आणि त्या मोठ्याने रडल्या. मिसबाह इंजेक्शन आणायला धावली.

पुढचे दोन दिवस त्यांनी रडत व्यायाम केला. पण मधले सहा आठवडे वाया गेलेच होते. घरी जाताना गुडघा काटकोनाला थोडा कमीच पडत होता. नंतर तपासणीला आल्या, तेव्हा सिस्टरने यावलचं विचारलं. त्या जाऊन आल्या होत्या, पण नानांनी केलेल्या भाड्याच्या गाडीने. बसची पायरी त्यांना चढता येत नाही. आता येणारही नाही.

आता मी सिस्टरच्या टेबलाच्या खणात असतो. माझं प्लास्टिक सुटलंय. आकडा तोंडी विचारतात आणि कॉम्प्युटरवर टाकतात. खणातून मला आवाज ऐकू येतात. "किती दुखतंय?" "काही नाही, शून्य." कधी कधी तो आवाज पदराआडून आल्यासारखा वाटतो. मी खणातून काय करणार?

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. घरात कुणाला दुखत असेल तर जरूर विचारा. पण विचारण्याआधी खोलीत कोण बसलंय ते बघा. आणि ते तुम्हीच असाल, तर रागावू नका, थोडा वेळ बाहेर जा.