जवाखालची गोल खोली

सात आठवडे पावसाचा थेंब नव्हता. विनिफ्रेड कॉटल कोठाराचा उचकटलेला पत्रा ठोकायला शिडीवर चढली आणि हातोडी हातातच राहिली.

समोरच्या कुरणात पिवळ्या रेघा उमटल्या होत्या, पट्टीनं आखल्यासारख्या सरळ.

त्या कुरणाखाली रोमन काळातलं मोठं घर गाडलेलं आहे, हे ती लग्न होऊन इंग्लंडातल्या सॉमरसेटमधल्या या शेतावर आली तेव्हापासून ऐकत होती. सरकारी पाटीच होती: नांगरायचं नाही, खणायचं नाही. तीस वर्षं तिथं मेंढ्या चरल्या आणि विनिफ्रेड ते घर बघायला नुसती मनातल्या मनात झुरली. आज ते घर स्वतःहून वर आलं होतं. खाली भिंत असेल तिथलंच गवत आधी वाळलं होतं.

पण रेघा कुरणात थांबल्या नव्हत्या. कुंपण ओलांडून त्या जवाच्या पिकात शिरल्या होत्या आणि तिथं चक्क एक गोल होता.

"पर्सी! वर ये, लवकर!"

तिचा नवरा कुरकुरत चढला. बराच वेळ बघून म्हणाला, "फोटो काढलास?"

"काढला."

"पुसून टाक. कळलं तर ती पाटी इकडे आणून रोवतील. आपलं सगळ्यात चांगलं रान आहे हे, विनी."

"तो गोल कसला असेल रे?"

"मी काय बोलतोय, तू काय बोलतेस!"

दोन दिवस ती काही ना काही निमित्त काढून शिडी चढत राहिली. गुरुवारी पाऊस येणार, असं रेडिओनं सांगितलं; गवत हिरवं झालं की रेघा पुसल्या जाणार होत्या. बुधवारी सकाळी तिनं पुरातत्त्व कचेरीत फोन केला.

रोवीना स्केल्टन नावाची अधिकारी दुपारीच आली. शिडीवरून पाहताच तिनं पिशवीतला नकाशा उघडला. "आमच्या नकाशात हे नाहीच!"

"पण आहे काय ते?"

"स्नानगृह असावं. खात्री खणल्यावरच."

"मग खणा की!"

"तेच तर नाही ना करता येत, मिसेस कॉटल. आता बहुतेक तुम्हालाही तिथं नांगर घालता येणार नाही."

खाली उभ्या पर्सीनं ते ऐकलं. तो तडक मेंढ्यांकडे निघून गेला आणि अंधार पडल्यावरच परतला.

हिवाळ्याआधी कुंपण जवाच्या रानात चाळीस पावलं आत सरकलं आणि तो गोल कुरणात गेला. विनिफ्रेडला त्याचं वाईट वाटलं. पण फोन केल्याचं नाही वाटलं.

मार्चमधल्या एका सकाळी पर्सी त्या नव्या कुरणात उभा दिसला. एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होता.

"काय हरवलं?" तिनं विचारलं.

"काही नाही." तो जरा ओशाळला. "विनी, या रोमनांचं दार कुठल्या बाजूला असेल गं?"