पीटीच्या बाईंना चालता येत नाही

विमानाने जग लहान केलं आणि दूर गेलेल्या लेकरांना आईबापांच्या जवळ आणून ठेवलं. आमच्या विमानतळाच्या भिंतीवर हे वाक्य माणसाच्या उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याच्याखालीच चेक-इनची रांग लागते आणि ती अशा बेताने सरकते, की काउंटरपाशी पोचेपर्यंत वाक्य पाठ होतं आणि ते लिहिणाऱ्याला शोधून काढावंसं वाटू लागतं.

त्या दुपारी मी आईला घेऊन रांगेत उभा होतो. आई माझ्याकडे परदेशी राहायला आली होती आणि मुदतीआधीच परत निघाली होती, कारण मावशीच्या हृदयाची झडप बदलायची होती. मावशी आईची धाकटी बहीण. तिने डॉक्टरांना साफ सांगितलं होतं, "अक्का आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही." सर्जननी परवा सकाळची वेळ दिली होती. ती हुकली तर पुढची कधी, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा आईला हेच विमान गाठायचं होतं, मधल्या विमानतळावर दुसरं पकडायचं होतं आणि उतरून थेट हॉस्पिटलात जायचं होतं.

तिकीट ताईने काढलं होतं. ताई तिसऱ्याच एका देशात राहते आणि तिथून आम्हा सगळ्यांचं आयुष्य चालवते. "मधला विमानतळ केवढा मोठा आहे, आई एकटी वाट कशी शोधणार? मी व्हीलचेअर टाकलीय," असं तिने मला कळवलं होतं. यात नवल काही नाही. परदेशात राहणारी आपली मंडळी आईबापांसाठी व्हीलचेअर मागतात ती पायांसाठी नव्हेच. खुर्ची ढकलणाऱ्याला वाट ठाऊक असते, त्याला रांगा लागत नाहीत आणि म्हातारं माणूस पार्सलासारखं एका विमानातून दुसऱ्या विमानात पोचतं. बसणाऱ्याला हे माहीत असतं, ढकलणाऱ्याला माहीत असतं, कंपनीलाही माहीत असतं. फक्त खुर्चीतही प्रकार असतात. लांब चालता येत नाही, हा साधा प्रकार. सगळ्यात वरचा म्हणजे अजिबात हलता येत नाही. ताईने सगळ्यात वरचा घेतला. ताई साबण घेतानाही सगळ्यात वरचाच घेते.

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईने सगळी नोकरी शाळेत पीटी शिकवण्यात घालवली. अजूनही रोज सकाळी बैठका काढते. माझ्या इमारतीची लिफ्ट तिने एकदाही वापरली नाही. लिफ्टमधून उतरणाऱ्या शेजाऱ्यांकडे मात्र ती गैरहजर मुलांकडे पाहावं तसं पाहायची.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिला, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि गोड हसली. या धंद्यात हे वाईट लक्षण.

"यांना एकटं जाता येणार नाही."

"का?"

"यांना चालता येत नाही."

मी आईकडे पाहिलं. आई दोन हातांत दोन बॅगा घेऊन उभी होती.

"येतं की. आत्ता तुमच्यासमोर चालत आली."

"सिस्टीममध्ये येत नाही असं आहे. अशा प्रवाशाबरोबर सोबती लागतो, नाहीतर आमच्या वैद्यकीय विभागाची परवानगी."

"मग ती व्हीलचेअर काढून टाका ना."

"ती वैद्यकीय विभागालाच काढता येते."

वैद्यकीय विभाग दुसऱ्या एका देशात होता आणि सोमवारी उघडणार होता.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं. मी सांगितलं. आईने बॅगा खाली ठेवल्या.

"मला? मला चालता येत नाही? कोण म्हणालं?"

"ताईने तसं भरलंय. तुझ्या सोयीसाठी."

"सोयीसाठी पांगळं केलं होय मला? लाव तिला फोन."

व्हिडिओवर फोन लागताच पलीकडून ताईच ओरडली, "आई, तू उभी का आहेस? आधी खुर्चीत बस! सगळं घालवशील!"

आईने फोन माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि त्या चकचकीत फरशीवर, सगळ्या रांगेसमोर बैठका काढायला सुरुवात केली. आकडे मोठ्याने मोजत होती. शाळेच्या मैदानावरचा तो आवाज छताला जाऊन लागला. मुलीने मान लांब करून पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि तिचा पडद्यावरच विश्वास बसला. तिने सुपरवायझरला बोलावलं.

टाय बांधलेला एक गृहस्थ आला. त्याने आईचा व्यायाम सभ्यपणे संपू दिला. मग मला म्हणाला, "मी आपल्या भावना समजू शकतो."

इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी या लोकांच्या तोंडून हे वाक्य ऐकतोय. माझी सुट्टी दोन विमानांच्या मधल्या लोखंडी बाकांवर जाते. लग्नाला आम्ही जेवणं आटोपल्यावर पोचतो आणि मयताला माणसं घरी परतल्यावर. फोन केला तर आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणतात आणि बाजा वाजवत ठेवतात. कुणाला कुणाची मर्तिकं चुकवायला लावली, याचा एकालाही पत्ता नसतो. भावना मात्र सगळ्यांना समजतात.

"भावना राहू द्या," मी म्हणालो, "पाय बघा! पाय समोर आहेत! तुम्हाला डोळे दिलेत ना देवाने, की तेही सोमवारी उघडणार?"

"आवाज कमी करा, सर. आणि चालता येत असेल तर खोटी माहिती दिल्याचा प्रश्न येतो. तसं असेल तर मला तिकीटच अडवावं लागेल."

'तिकीट अडवावं लागेल' हे शब्द उच्चारले गेले आणि शेजारी कुजबुज सुरू झाली. तिथे खुर्च्यांची एक लांबलचक ओळ होती आणि तिच्यात आपल्याकडच्या आया, बाप, सासवा बसलेल्या होत्या. त्यांतल्या एक बाई मघाशीच माझ्या डोळ्यांदेखत उठून, ऐटीत चालत जाऊन, पाण्याची बाटली भरून परत खुर्चीत बसल्या होत्या.

"अहो, त्यांना बसवा ना खाली," त्याच बाई मला दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुमच्या नादात आमच्या खुर्च्या जातील."

"म्हातारपणी कसली ही मस्ती," आणखी एक आजोबा म्हणाले.

"तुम्हाला काय झालंय पायांना?" आईने त्यांना विचारलं.

आजोबा भिंतीवरचं वाक्य वाचू लागले.

मी टायवाल्याला मावशीचं सगळं सांगितलं, झडपेसकट. त्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "याच दोन्ही विमानांनी जाणारा कुणीही मोठा माणूस सोबती म्हणून चालेल. तो शोधा. काउंटर आता बंद होईल."

मी ओळीसमोर जाऊन हात जोडले. सगळ्यांनी खाली पाहिलं. शेवटी टोकाच्या खुर्चीतून मफलर गुंडाळलेले एक काका म्हणाले, "मी होतो सोबती. पण मला खरंच चालता येत नाही हो. गुडघे गेलेत."

त्या सबंध ओळीत गुडघे गेलेले ते एकटेच असावेत.

टायवाल्याने काकांचा पास पाहिला. "यांना लांब चालता येत नाही. अजिबात हलता येत नाही, असं नाहीये. चालेल."

"हे मला सांभाळणार?" आई म्हणाली.

"मला तरी कुठे हौस आहे, बाई," काका म्हणाले. "पण घरी जायचंय ना तुम्हाला?"

"एकच आहे," टायवाला म्हणाला. "आता यांनी उठायचं नाही. विमानात आमची दोन माणसं यांना उचलून सीटवर ठेवतील. मध्ये चालताना दिसल्या तर उतरवावं लागेल."

हे आईला कसं सांगावं ते मला कळेना. पण तिला हातवाऱ्यांवरूनच समजलं असावं. मग तिने विचारलं, "धाकटी खरंच चढणार नाही टेबलावर?"

"नाही म्हणालीय."

"लहानपणापासून हट्टी मेली," आई म्हणाली आणि खुर्चीत बसली.

पाठ ताठ, हात मांडीवर. ढकलणाऱ्याने तिचे पाय उचलून खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवले तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मी "आई, जपून जा" म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी परत जाऊन टायवाल्याला काहीतरी बोललो. काय बोललो ते इथे छापता येणार नाही. तो म्हणाला, "मी समजू शकतो."

काकांना सोडायला आलेल्या त्यांच्या सुनेचा नंबर मी घेऊन ठेवला होता; पुढचं मला तिच्याकडून कळलं. मधल्या विमानतळावर दोघांच्या खुर्च्या एका बंद दुकानासमोर ठेवून ढकलणारे निघून गेले, ते आलेच नाहीत. पुढच्या विमानाची घोषणा झाली. काकांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेव्हा आई उठली, तिने बॅगा काकांच्या मांडीवर ठेवल्या आणि काकांची खुर्ची ढकलत, दिसेल त्याला तिकीट दाखवून दिशा विचारत, तो अख्खा विमानतळ पळत पार केला. अजिबात हलता न येणारी बाई पळताना शेकडो लोकांनी पाहिली. त्यांच्यातल्या कुणाचीच हरकत नव्हती, कारण तिथे पडदा नव्हता. विमानाच्या दारात हवाईसुंदरीने काकांना विचारलं, "या तुमच्या मदतनीस का?" काका हो म्हणाले.

आई उतरून बॅगांसकट थेट हॉस्पिटलात गेली. तिथून तिने मला फोन केला. म्हणाली, "पोचले. वेळेत."

"मावशी?"

"बसलीय पलंगावर. चहा पितेय."

ऑपरेशन पुढे ढकललं होतं. सर्जन परदेशातल्या परिषदेहून परत यायचे होते आणि त्यांचं विमान रद्द झालं होतं.