मायाजीचे दोन वाटे

न्याय माणसाच्या हातून घडतो. त्याला फक्त शांत डोकं, कोरा कागद आणि टोक काढलेली पेन्सिल लागते, अशी काशीरामची ठाम श्रद्धा होती. ही श्रद्धा त्याला शहाऐंशीच्या जूनमध्ये जडली आणि नारळी पौर्णिमेच्या आत सुटली. मधल्या काळात पित्ताचा त्रास झाला तो वेगळा.

काशीराम रत्नागिरीतल्या एका वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीचं काम करी. त्याचा चुलतभाऊ जानू मालवाहू बोटीवर होता. त्याने परदेशातून एक पेटी आणली. आत वीस बाजूंचा फासा आणि इंग्रजी नियमांचं पुस्तक. खेळ असा, की प्रत्येकाने एक कल्पित माणूस व्हायचं, त्याला एखादा पेशा द्यायचा, आणि सगळ्यांनी मिळून गुहेतल्या राक्षसांशी लढायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत; सगळं बोलून. राक्षस मेला की अनुभवाचे गुण मिळायचे, गुण साठले की आपला माणूस एक पायरी वर चढायचा. राक्षस आणि न्यायनिवाडा काशीरामकडे. त्याने गुहा हातखंब्याच्या तिठ्याखाली खोदली. तिथे एस.टी.ची वाट बघताना, या जमिनीखाली काहीही असू शकेल असं त्याला नेहमी वाटत आलं होतं.

दर रविवारी दुपारी त्याच्या पडवीत तिघं जमत. पालीच्या गाडीवरचा कंडक्टर धाकू लढवय्या झाला. एका खाजगी दवाखान्यात नर्स असलेल्या विमलाबाई मांत्रिक झाल्या. आणि बंदरावरचा रघू, काशीरामचा शाळेपासूनचा मित्र, ज्या होडीवर जाई ती पावसाळ्यापुरती किनाऱ्यावर ओढलेली असल्यामुळे त्याला वेळच वेळ होता. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "मी लढणार पण आणि मंत्र पण टाकणार. चालंल?"

काशीरामने पुस्तक उघडलं. पेशांचे नियम अनुक्रमणिकेप्रमाणे एकोणिसाव्या पानावर होते, आणि एकोणिसाव्या पानाचा जानूच्या ट्रंकेत पाणी शिरून लगदा झाला होता. त्याने जानूला पत्र टाकलं. पण जानूचं उत्तर येईपर्यंत राक्षस थांबणार नव्हते. तेव्हा त्या पानावर काय असेल ते काशीरामने स्वतःच ताडलं. त्याच्या ओळखीत एकच काम करणारा माणूस नव्हता. मास्तर आंब्याच्या पेट्या भरत, पोस्टमन देवळात ढोल वाजवी, खुद्द काशीराम विम्याचे फॉर्म भरून देई. माणूस म्हटला की दोन पेशे आलेच. प्रश्न उरला गुणांचा. त्यालाही उत्तर दाराशी होतं. होडीवर मासळीचे वाटे पडतात तेव्हा जाळं आणणाऱ्याला जाळ्याचा वाटा मिळतो, अंगमेहनतीचा वेगळा. दोन कामं, दोन वाटे.

"बरोबर हाय," धाकू म्हणाला. विमलाबाईंनीही मान डोलावली. एवढ्या एकमताने रत्नागिरीत त्यानंतर काही ठरलेलं नाही.

जुलैअखेर रघूचा कल्पित माणूस, मायाजी, नवव्या पायरीवर होता आणि बाकीचे दोघं चौथ्या. मायाजी डाव्या हाताने आग फेके आणि उजव्या हाताने मुंडकं उडवी. धाकूचा लढवय्या मशाल धरी. विमलाबाईंची मांत्रिक धाकूची मशाल पेटवून देई.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मायाजीने सात पिशाच्चं एका दमात संपवली. विमलाबाईंनी आपला कागद उलटा ठेवला.

"काशीरामभाऊ, मी उठते."

"आता? चहा यायचाय."

"दवाखान्यात आठवडाभर डॉक्टरांच्या मागे ट्रे घेऊन उभी असते. इथेही ह्यांच्या मागे उभं राहायचं असेल तर चिखल तुडवत कशाला येऊ?"

"तुम्ही पण घ्या की तलवार, नर्सबाई," रघू हसला.

"मग धाकूने काय करायचं? बैल राखायचे?"

"मी मशाल धरतोय ना," धाकू म्हणाला. "तिकीट फाडल्यासारखं वाटतं."

विमलाबाईंनी छत्री उचलली. "पुढच्या रविवारी नियम सुधारलेला असेल तर मी येईन. नाहीतर तुमचं तुम्ही खेळा."

काशीराम पडवीत एकटा उरला. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस तो लोकांना पुस्तकं देत असे आणि उशीर झाला म्हणून ऐकवत असे. रविवारी मात्र तिघं त्याच्या तोंडाकडे बघत आणि 'पुढे काय?' विचारत. दुसरं कोणी त्याला तसं विचारत नव्हतं. हे हातचं जाणार, या विचाराने त्याला रात्री जेवण गेलं नाही.

आठवडाभर तो वाचनालयाच्या टेबलाखाली फासा टाकत बसला. मायाजीचा एक वाटा काढून टाकला, आणि उरलेला दोन पेशांत अर्धा अर्धा केला. मग मायाजी इतका दुबळा झाला की आठ पायांच्या पहिल्याच कोळ्याने त्याला खाल्लं. चिलखत घातलं तर मंत्र चालणार नाही, असं करून पाहिलं. मायाजी कपडे बदलण्यातच मेला. बुधवारी एका सभासदाला त्याने कादंबरीऐवजी रेल्वेचं वेळापत्रक दिलं. शुक्रवारी हिशेब जमला. वाटा एकच, पेशांत विभागून, पण दर तिसऱ्या पायरीला थोडी सवलत. चाळीस लढाया खेळून पाहिल्या. मायाजी दोन्ही पेशांत धाकू-विमलाबाईंच्या एकेक पायरी मागे राहत होता. ना जास्त, ना कमी. काशीरामला वाटलं, कायदे करणाऱ्यांना असंच वाटत असेल.

रविवारी त्याने नियम वाचून दाखवला. "म्हणजे मायाजी आता दोन्ही पेशांत तिसऱ्या पायरीवर येईल. या दोघांच्या एक खाली."

विमलाबाईंचा चेहरा खुलला. रघू हातातला फासा फिरवत राहिला. मग म्हणाला, "वाटा एक."

"विभागून. पण सवलत आहे रे, ही बघ..."

"काश्या, होडी कोणाची?"

"तुझ्या चुलत्याची."

"इंजिन बिघडलं तर डिझेलमधे हात कोण घालतो? मी. आणि जाळं ओढायला कोण? परत मीच. चुलता होडीचा वाटा घेतो, जाळ्याचा घेतो. मला किती मिळतो?"

काशीरामला उत्तर ठाऊक होतं. पंधरा वर्षं ठाऊक होतं. त्याने ते मायाजीशेजारी कधी मांडून पाहिलं नव्हतं.

"एक," तो म्हणाला.

"हितं दोन होते," रघू म्हणाला.

धाकू आपल्या चपलांकडे बघू लागला. कागद फाडून टाकावा असं काशीरामच्या मनात आलं. पण विमलाबाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. शांत डोकं, कोरा कागद, पेन्सिल. सगळं समोर होतं.

"नियम सगळ्यांना सारखा, रघू," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला तो आवाज रघूच्या चुलत्याचा वाटला.

"असू दे." रघूने हातातला फासा अलगद चटईवर ठेवला. "चहा नको, वैनींना सांग. होडीला तेल लावायचंय."

त्यापुढच्या रविवारी दोघंच आले. विमलाबाईंना आग टाकायला मिळाली, धाकूला तलवार चालवायला, आणि दोघंही पहिल्या दालनातच मेले. मग धाकूची ड्यूटी बदलली.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या तेव्हा काशीराम बंदरावर उभा होता. रघू इंजिनावर वाकलेला होता. त्याने वर बघून हात केला. तो निरोपाचा होता की 'बाजूला हो, दोर आहे' असा, ते काशीरामला कळलं नाही. होडी बाहेर पडली तसा रघू उठून जाळ्याकडे गेला.

घरी जानूचं पत्र आलेलं होतं. त्याच्या बोटीवरच्या तिसऱ्या अधिकाऱ्याकडे तेच पुस्तक होतं, त्यातून त्याने एकोणिसावं पान उतरवून पाठवलं होतं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की एका खेळाडूने एकच पेशा घ्यावा. बाकी पानभर, मशालीचं तेल किती वेळ पुरतं त्याचा तक्ता होता.